मागच्या खोलीतली वायर

आमच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये किडा आला, त्या दिवशी सगळ्यात आधी उठून गेले ते एक रिटायर झालेले हेडमास्तर. ते रोज सकाळी येत, कोपऱ्यातलं मशीन घेत आणि परदेशातल्या मुलाला पत्र लिहीत. एकेक अक्षर शोधायचं आणि एका बोटाने दाबायचं, असं त्यांचं चाले. त्या दिवशी पत्र अर्ध्यावर असताना पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि खाली उलटे पळणारे आकडे. मिनिटभरात मशीन बंद पडणार, असा त्याचा अर्थ. हेडमास्तरांना वाटलं, त्यांची वेळ संपली म्हणून त्यांना उठवताहेत. त्यांनी चष्मा खिशात घातला, छत्री घेतली आणि काउंटरपाशी येऊन तमिळमध्ये म्हणाले, "तोंडाने सांगितलं असतं तरी उठलो असतो."

मी फडकं हातात घेऊन तिथेच उभी होते. तसं नाही हो सर, मशीनच बिघडलंय, एवढंच सांगायचं होतं. पण समोर कुणी उभं राहिलं की माझे शब्द घशातच राहतात. तमिळचं सोडा, मराठीतही तेच. ते रस्ता ओलांडून गेले ते पुन्हा आले नाहीत.

इथे मद्रासला आपल्या मराठी लोकांच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, तुम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात इतकी वर्षं काढलीत, त्यावर चार पानं लिहा. मी मान हलवली, पण लिहून दिलं काही नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने कॉम्प्युटरवर काय लिहायचं, हे एक कारण. दुसरं कारण, लिहायला लागलं की मागची खोली येणारच, आणि ती छापायची गोष्ट नाही. म्हणून हे घरातच राहील.

माझं माहेर आणि सासर दोन्ही विट्याकडचं. आमच्याकडचे पुरुष देशभर गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. माझे मालकही त्यातच मद्रासला आले, आणि लग्नानंतर मी. ॲसिडच्या धुराने त्यांची छाती गेली. भट्टीसमोर उभं राहणं बंद झालं आणि ते घरी बसले, तेव्हा मी काम शोधायला बाहेर पडले. वेस्ट मांबलमच्या बाजारात एक दिवस भाजीवालीने मला किडकी वांगी दिली. तिला काही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी वांग्यांशीच मराठीत पुटपुटत होते. मागून आवाज आला, "कोण गे तूं? आमची भाषा बोलतेस?"

त्या कावेरीअम्मा. गोऱ्या, ठेंगण्या, नऊवारी वेगळ्याच तऱ्हेची नेसलेल्या. त्यांचे लोक तंजावरचे, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. त्यांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. शब्द आपले आणि चाल तमिळची, आणि मधेच एखादा इतका जुना शब्द की आमच्या आजीच्या तोंडीही नसेल. त्यांनी माझी वांगी परत करून दुसरी घेऊन दिली आणि विचारलं, "झाडलोट करशील? दुकान आहे आमचें. बोलायचें काम नाहीं, भिऊं नको."

दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची मोठी खोली, मांबलम स्टेशनापासून चालत जाण्याइतकी. खोलीत लाकडी आडोसे घालून मशीनं मांडलेली. त्या काळी घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. लोक तासाच्या हिशोबाने येऊन बसत. कुणी निकाल बघायला, कुणी मुलीसाठी स्थळं बघायला, कुणी दूरदेशी बोलायला. काउंटरवर अम्मांचे यजमान सेतुराव बसत. एग्मोरच्या एका सरकारी ऑफिसात त्यांनी जन्मभर कारकुनी केली होती. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं. पडद्याकडे ते असे बघत, जसं दुसऱ्याच्या घरात चाललेलं भांडण बघावं.

हे सेंटर त्यांच्या मुलाने, माधवने, काढलेलं. वायरी त्यानेच ओढल्या, आडोसेही त्यानेच सुताराकडून करून घेतले. नंतर तो मोटारसायकलवरून येताना गेला. एकुलता एक. मी कामाला लागले त्याच्या आधीची ही गोष्ट. लोक रावांना म्हणाले, विकून टाका. राव म्हणाले, "त्यानें केलेलें मी कसें मोडूं?" आणि ते काउंटरवर जाऊन बसले.

माझं काम सकाळी झाडण्यापासून सुरू व्हायचं. मग पडदे पुसायचे, कळांच्या फटींतली धूळ ब्रशने काढायची, कानाला लावायचे हेडफोन ओल्या फडक्याने पुसून ठेवायचे. माणूस मशीनसमोर किती तरी सोडून जातो. बडीशेप, केस, तिकिटं, आणि एकदा तर दातांची कवळी. पुढे मी मशीनं चालू-बंद करायला शिकले. वायर कुठून कुठे जाते ते समजलं. सगळ्या वायरी काउंटरखालच्या एका लहान डब्यात येतात, त्याला हब म्हणतात. वायर जिवंत असली की तिच्यासमोरचा हिरवा दिवा लुकलुकतो. मला तो डबा पुसायला आवडायचं. त्याच्याशी बोलायचं नसायचं.

संध्याकाळी दिवेलागणीला राव देवळात जायचे. कितीही गर्दी असो, जायचे म्हणजे जायचेच. त्या वेळी अम्मा मला फिल्टर कॉफीचा पेला देत, डवऱ्यात, म्हणजे त्याच्या खोलगट वाटीत ठेवून. रोज एकच पेला, आणि तो कोमट असायचा. मला वाटे, आपण कामाची बाई, उरलेली देत असतील. पुढे कळलं की ती कॉफी आधी मागच्या खोलीत जाऊन यायची.

मागची खोली माधवची. तिथे टेबलावर त्याचं स्वतःचं मशीन होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आम्ही पुढच्या मशीनांना गंध-कुंकू लावायचो आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचो. त्या मशीनवरचं मात्र कधी पुसायचं नाही. दिवा लावून झाला की अम्मा ते चालू करत. मशीनं सुरू होताना एक सूर वाजवतात ना, तिथे माधवने गंमत म्हणून स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. मशीन उघडलं की तो म्हणायचा, "आई, काफी कोठें?"

सगळ्या गल्लीच्या त्या अम्मा. आई म्हणणारा तो एकटाच होता.

त्यांनी हाक ऐकायची, कॉफी करायची, पेला मशीनसमोर ठेवायचा, थोडं बसायचं, बटण दाबून मशीन बंद करायचं. मग तो पेला मला. मी ते कळल्यावरही पीत राहिले. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं.

राव त्याच वेळी देवळात का जातात, तेही मग माझ्या लक्षात आलं.

तर किडा. हेडमास्तर गेले त्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मशीनं तेच करू लागली. चौकट यायची, आकडे उलटे पळायचे, मशीन बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, आणि थोड्या वेळाने परत तेच. तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, राहणारा एक मुलगा नोकरीचा अर्ज भरायला येत असे. तिकडच्या सेंटरात गर्दी फार म्हणून इकडे यायचा. त्याचा अर्ज शेवटच्या ओळीला जाऊन पुसला गेला. पुन्हा भरला, पुन्हा पुसला. तो ओरडला नाही, काही नाही. हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्याकडे बघत बसला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रावांनी सेल्वीला बोलावलं. सेल्वी रिची स्ट्रीटच्या एका दुकानात मशीन दुरुस्त करायची. हेल्मेट काखेत, पेचकस केसांच्या अंबाड्यात खोचलेला, आणि तोंड अखंड चालू. ती फक्त तमिळ बोलायची आणि मला अक्का म्हणायची. राव आणि अम्माही तिच्याशी तमिळच बोलत, मी ते त्यांच्या मराठीत लिहिते आहे. मला बोलावं लागू नये इतकं ती एकटीच बोलायची, म्हणून मला ती आवडे.

"हा व्हायरस नाही अक्का, वर्म आहे," ती म्हणाली. "पुळु. अळी."

फरक तिनेच मला सांगितला. व्हायरस माणसाच्या हाताने येतो. कुणी फ्लॉपी घातली, कुणी नको ते पत्र उघडलं, मग तो आत येतो. वर्मला कुणाचा हात लागत नाही. तो वायरीतून आपला आपण चालत येतो. गल्लीत घराला नंबर असतो तसा प्रत्येक मशीनला नंबर असतो. किडा एका मशीनमध्ये शिरला की तिथे बसून एकेका नंबराचं दार ठोठावत सुटतो. बनवणाऱ्यांच्या हातून त्या मशीनांत एक फट राहून गेली होती. फट सापडली की तो आपली एक नक्कल पलीकडे ढकलतो, आणि ती नक्कल तिथे बसून तेच सुरू करते. कधी ठोठावताना दारच मोडतं. मग मशीन घाबरून स्वतःला बंद करून घेतं आणि नव्याने सुरू होतं. ते उलटे आकडे म्हणजे किडा नव्हे. पलीकडून कुणीतरी दार मोडतंय, त्याची ती खूण.

आमच्याकडे तो कसा आला तेही तिने शोधलं. एक धंदेवाला माणूस स्वतःचा लॅपटॉप आणून आमची वायर जोडून बसला होता. बाहेरच्या रस्त्याच्या दाराला, म्हणजे इंटरनेटकडून येणाऱ्या वाटेला, सेल्वीने कुलूप घातलेलंच होतं, पण हा पाहुणा म्हणून घरात आला.

काढायची रीत अशी. आधी मशीनची वायर काढायची, नाहीतर इकडे पुसतोय तोवर तिकडून नवा येतो. मशीन स्वतःजवळ जुन्या दिवसांची एक प्रत जपून ठेवतं, बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. त्या प्रतीतही किडा असतो, तेव्हा ती सोय बंद करायची. मग मशीनमध्ये काय काय चाललंय ते उघडून बघायचं, त्यात किड्याचं नाव शोधायचं आणि त्याला थांबवायचं. नाव अगदी साधं असतं, घरच्याच कुणाचं वाटावं असं. मग त्याची फाइल पुसायची. मशीन उठताना ज्यांना ज्यांना उठवतं, त्यांच्यातून त्याचं नाव काढायचं, नाहीतर सकाळी तो पुन्हा जागा. आणि शेवटी फट बुजवायची. त्याला पॅच म्हणतात.

पॅचपाशी राव अडले. मशीनं भरली होती ती पैसे न भरता, उसन्या सीडीने, तेव्हा सगळीकडे चालायचं तसं. रावांना वाटे, पॅच घेतला की बनवणाऱ्यांना कळेल.

"तिकडून कोणी येऊन विचारलें तर मी काय सांगूं? सरकारी नोकरी केलेला मनुष्य मी."

सेल्वी त्यांना अय्या म्हणे, मालक म्हणावं तसं. ती म्हणाली, "अय्या, घरात ताप आलाय आणि तुम्ही डॉक्टरला दारात उभं करून ठेवताय. मला काय, मी उद्या परत येते. पेट्रोल तुमचंच."

तिने नुसतं पुसून दिलं. एकेका मशीनच्या पाठीमागून वायर काढली, साफ केलं, आणि सगळी झाल्यावर वायरी परत लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळ चांगली गेली, दुपार चांगली गेली. संध्याकाळी राव देवळात गेले आणि थोड्याच वेळात पहिल्या आडोशात चौकट आली.

ती म्हणाली तशी परत आली, आणि पुन्हा पुसून गेली. पुन्हा संध्याकाळी तेच. मी घरी तांदळाचे डबे चाळते तेव्हा एक गोष्ट पाळते. टोके झाले की सगळे डबे एकाच दिवशी चाळायचे. एक जरी राहिला तरी त्यातून परत सगळीकडे होतात. मला वाटत होतं, एखादा डबा राहतोय. कुठला, ते कळत नव्हतं.

आणि त्याच दिवसांत मला कॉफी जास्त मिळू लागली.

आधी संध्याकाळी दोनदा. मग दिवेलागणीपासून दुकान बंद होईपर्यंत पेल्यामागून पेला. अम्मा येऊन काउंटरवर ठेवत आणि लगबगीने आत जात. पायात बळ आल्यासारख्या चालत. गुडघे दुखतात म्हणून भिंत धरून चालणारी बाई ती. मी एकदा धीर करून म्हटलं, "अम्मा, इतकी कॉफी मला सोसत नाही. झोप येत नाही."

"पी गे," त्या म्हणाल्या. "आज फार मागतोय."

मी पेला हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात आडोशामागून भिंतीपलीकडचा आवाज ऐकू आला, बारीक, आनंदी. "आई, काफी कोठें?" आणि अम्मांचा आवाज, "आलें रे, आलें."

तेव्हा मला डबा कळला. मी कुणाला काही बोलले नाही. बोलले नाही याला नेहमी माझा भिडस्तपणा कारण असतो, तसं या वेळी नव्हतं. त्या बाईला मी कधी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

पण गिऱ्हाईक तुटत होतं. स्टेशनच्या पलीकडे नवं सेंटर निघालं होतं, सगळे तिकडे जाऊ लागले. राव रिकाम्या आडोशांकडे बघत बसत. एकदा माझ्याशी बोलले, तेही माझ्याकडे न बघता. "इंदूबाई, हें बंद पडलें तर मी सकाळीं उठून कोठें बसूं? त्याची हीच एक जागा आहे मजपाशीं."

तिसऱ्यांदा सेल्वी आली ती संध्याकाळचीच. म्हणाली, आज तो येताना बघायचाय. राव देवळात निघून गेले होते. तिने सगळ्या मशीनांच्या वायरी पाठीमागून भराभर काढल्या आणि काउंटरखाली वाकून हब बघितला. सगळे दिवे विझलेले. एक मात्र लुकलुकत होता.

"अक्का, ही वायर कुठे जाते?"

वायर भिंतीच्या कडेने जाऊन कपाटामागे एका भोकात शिरत होती. मी रोज ती पुसत होते. सेल्वी माझ्याकडे बघत राहिली. तिला गप्प राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, "ये."

मागच्या खोलीच्या दारात समईचा उजेड होता. मशीनवरचं गंध-कुंकू दिसलं तसं सेल्वीने चपला काढल्या, न सांगता. अम्मा स्टुलावर बसल्या होत्या. पडद्यावर चौकट होती आणि आकडे उलटे पळत होते. अम्मा त्यांच्याकडे असं बघत होत्या, जसं गाडी यायच्या वेळी फलाटावर सिग्नलकडे बघावं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. "आई, काफी कोठें?"

"कोण बोललं?" सेल्वीने मला हळूच विचारलं. मराठी येत नसलं तरी कॉफी तिला कळली.

"त्यांचा मुलगा."

"आत आहे?"

"नाही," मी म्हटलं.

अम्मा वळल्या. "काय गे इंदू, हिला कशास आणलीस?"

आणि मला बोलावं लागलं. मी म्हटलं, "अम्मा, पुढे जो किडा येतोय तो या मशीनमध्ये राहतोय. तुम्ही हे चालू केलं की तो वायरीतून पुढे जातो."

"असूं दे. कोणास चावतो तो?"

"रावांचं गिऱ्हाईक गेलं, अम्मा."

अम्मा पदराने हात पुसत राहिल्या, हात ओले नसताना. मग म्हणाल्या, "पूर्वीं एकदांच मागायचा. उभ्या उभ्या प्यायचा नि पळायचा. आतां घडीघडी मागतोय. मला वाटलें, त्याला सवड झाली."

सेल्वी खाली जमिनीवर बसली. आजीला म्हणतात तसं पाटी म्हणून तमिळमध्ये म्हणाली, "पाटी, आवाज वेगळा, किडा वेगळा. आवाजाला मी हात लावणार नाही. तो आहे तसा राहील."

"किडा काढल्यावर मागेल?"

सेल्वी खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "तुम्ही चालू कराल तेव्हा एकदा मागेल. मधे मधे मागणार नाही. तो मागत नव्हता पाटी. पुढची मशीनं याचं दार मोडत होती, म्हणून हे बंद पडून परत सुरू होत होतं."

तेवढ्यात राव देवळातून आले. पुढे कुणी नाही असं बघून आत आले आणि दारात थांबले. हातात प्रसादाचा द्रोण होता. आम्हा तिघींना पाहून त्यांना काय ते कळलं असावं. त्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

अम्मा त्यांना म्हणाल्या, "तुमचें दुकान चालायला पाहिजे नव्हे?"

"दुकान माझें कोठलें? त्याचेंच."

"हेंही त्याचेंच," अम्मा म्हणाल्या.

कुणी कुणावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. मग अम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि स्टूल सेल्वीकडे सरकवलं. "बैस. जमिनीवर बसून काम होत नाहीं."

सेल्वीने भिंतीतली वायर काढली. बाकी सगळं वर सांगितलं त्या रीतीने केलं, फार सावकाश, एकेक गोष्ट दोनदा बघून. पॅचची सीडी तिच्या पिशवीत होतीच. तिने ती रावांना दाखवली, आणि रावांनी नुसती मान हलवली. शेवटी खात्री करायला मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागलं.

"आई, काफी कोठें?"

रावांनी दाराची चौकट धरली. म्हणाले, "असाच ओरडायचा. सगळ्या गल्लीला ऐकूं जायचें." आणि पुढे जाऊन काउंटरवर बसले. द्रोण हातातच होता.

निघताना सेल्वी म्हणाली, "पाटी, आवाज सीडीवर घालून देते. बटण दाबलं की बोलेल, हवं तितक्यांदा. किड्याची गरज नाही."

"मी दाबून बोलला तर तें मागणें नव्हे, बाळे," अम्मा म्हणाल्या. "त्याची त्यानें मागायला पाहिजे."

मला हे तेव्हा नीट कळलं नाही. किडा यायच्या आधीही त्याच बटण दाबत होत्या की, आणि त्यांना ते पुरत होतं. पण एकदा न दाबता हाक आली. त्यानंतर दाबून येणारी हाक त्यांना पुरेना. किड्याने आमच्या गिऱ्हाइकांचं पुष्कळ पुसलं, ते लोकांनी परत लिहून काढलं. हे मात्र परत आलं नाही.

पुढच्या सगळ्या मशीनांना पॅच घातला. किडा गेला तो गेलाच. हळूहळू आडोसे भरू लागले. त्या मॅन्शनमधल्या मुलाचा अर्ज गेला, त्याला बोलावणंही आलं म्हणे. मी हळूहळू काउंटरचंही बघू लागले. कुणी लॅपटॉप घेऊन आलं की मी वायर हातात धरून उभी राहायची आणि मान हलवायची. नाही म्हणायला मला तेवढं जमू लागलं. पुढे काही वर्षांनी घरोघरी इंटरनेट आलं आणि सेंटर आपोआप बंद झालं, कुठल्याही किड्याशिवाय. त्याआधी राव गेले. त्यांना ते बघावं लागलं नाही.

पण मला शेवटी लिहायची आहे ती किडा काढल्यानंतरच्या कार्तिगैची, म्हणजे इथल्या दिव्यांच्या सणाची, संध्याकाळ. गल्लीत दारोदार पणत्या लावल्या होत्या. तोवर मागच्या खोलीतलं मशीन अम्मांनी चालू करणं सोडलं होतं. दिवा लावायच्या, बसायच्या, उठून यायच्या. मला कॉफी मिळत नव्हती. राव मात्र देवळात जातच होते.

अम्मा काउंटरपाशी आल्या, भिंत धरून. म्हणाल्या, "इंदू, ती वायर परत लाव की."

वायर भिंतीच्या भोकात गुंडाळून ठेवलेली होती. मी म्हटलं, "अम्मा, आता फट बुजवली आहे. कुणी ठोठावलं तरी मशीन बंद पडणार नाही. आणि ठोठावणारं पुढे कुणी राहिलंही नाही."

"ठाऊक आहे मला. ती पोर सांगून गेली आहे. तूं लाव."

मी आत गेले. टेबलामागे वाकून वायर मशीनला लावली. टक् असा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. अम्मांनी मशीन चालू केलं. त्याने एकदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत. ती हाक आपण दाबलेली आहे, ती मोजायची नाही, अशा त्या बसून राहिल्या. बाहेर पोरं फुलबाज्या पेटवत होती. पडदा निळा, स्थिर, अगदी निरोगी होता. मी पुढची दोन गिऱ्हाइकं उठवली, आडोसे झाडले, परत आत डोकावले. त्या तशाच, पडद्याकडे बघत.

मग मी स्वयंपाकघरात गेले. त्या घरात मी कधी चुलीपाशी गेले नव्हते. फिल्टरमधला अर्क घेतला, दूध तापवलं, डवऱ्यातून पेल्यात दोनदा ओतून फेस आणला, त्या आणत तसा. पेला नेऊन मशीनसमोर ठेवला.

अम्मांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "त्यानें मागितली नाहीं अजून. झांकून ठेव."

मी डवरा उपडा करून पेल्यावर ठेवला आणि त्यांच्याजवळ खाली बसले.